रात्रंदिवस डोळ्यांत राहणारी भिंगे

रात्री निजण्यापूर्वी चष्मा काढून उशाशी ठेवावयाचा आणि सकाळी जाग येताच चाचपडत तो शोधावयाचा, हा लक्षावधी लोकांचा नित्यक्रम आहे. ज्यांची दृष्टी फारच अधू असते त्यांना तर चष्मा हाती लागेपर्यंत भिंतीवरील घड्याळ दिसत नाही, की समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. अशा माणसाच्या मनात एक इच्छा साहजिकच उत्पन्न होते. जागे झाल्याबरोबर, डोळे उघडताक्षणीच, सर्व जग स्वच्छ दिसावे!

चष्म्याऐवजी डोळ्यांतच बसविता येणारी भिंगे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. लोकव्यवहारात त्यांस कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. मराठीत त्यांना स्पर्शभिंगे असे नाव आहे. वास्तविक हे भिंग डोळ्याला प्रत्यक्ष चिकटलेले नसते. अश्रूंच्या अत्यंत पातळ थरावर ते तरंगत असते व पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर किंचित हलते. बहुतेक स्पर्शभिंगे सकाळी घालावयाची व रात्री काढावयाची असतात. परंतु काही भिंगे झोपेतही डोळ्यांतच राहू द्यावीत, अशा हेतूने बनविलेली असतात. जे भिंग दिवसभर चालते ते रात्री का चालू नये, असे कोणासही वाटेल. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांचे अर्धे शतक खर्ची पडले, आणि जे उत्तर मिळाले ते प्रथम अपेक्षिले होते त्याहून निराळे निघाले.

रक्तावाचून जगणारे पटल

डोळ्याच्या अगदी पुढच्या भागी, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेले एक पारदर्शक पटल असते. त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याचा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर व मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर एवढीच असते. प्रकाशकिरण वळवून ते डोळ्याच्या पडद्यावर एकत्र आणण्याचे काम डोळ्यातील भिंग करते, असा सर्वसाधारण समज आहे. पण या कामाचा सुमारे दोनतृतीयांश भाग स्वच्छमंडलच पार पाडते.

शरीरातील बहुतेक सर्व भागांना रक्तामार्फत अन्न व प्राणवायू मिळतो. स्वच्छमंडलात मात्र एकही रक्तवाहिनी नसते. असती तर त्याची पारदर्शकता नष्ट झाली असती. हे पटल जिवंत तर आहे. त्याच्या पृष्ठभागावरील पेशी झिजून आठवड्याभरात नव्याने तयार होत असतात. मग त्यांच्या श्वसनाची सोय काय? द्राक्षशर्करा व इतर पोषक द्रव्ये मुख्यतः आतील बाजूच्या द्रवातून येतात. प्राणवायू मात्र बाहेरील हवेतून अश्रूंत विरघळतो व अश्रूंतून स्वच्छमंडलात शिरतो. म्हणजे हे पटल जणू प्रत्यक्ष वाऱ्यावरच जगत असते!

ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध करण्याचे श्रेय स्मेल्सर व ओझॅनिक्स या अमेरिकन संशोधकांकडे जाते. इ. स. १९५२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांच्या डोळ्यांवर हवाबंद बसणारे चष्मे लावण्यात आले व आतील हवेच्या जागी प्राणवायूविरहित वायू खेळविण्यात आला. थोड्याच वेळात त्या माणसांना दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली. स्वच्छमंडलात पाणी भरून ते किंचित गढूळ झाल्याचे ते लक्षण होते. प्राणवायूचा पुरवठा पूर्ववत होताच वलये नाहीशी झाली.

असे का व्हावे? पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला म्हणजे त्या प्राणवायूवाचून शर्करेचे विघटन करू लागतात. या क्रियेत लॅक्टिक अम्ल तयार होते. जोराने धावल्यावर आपल्या पायांच्या स्नायूंत जे साचते तेच हे अम्ल. स्वच्छमंडलात ते साचले की त्याबरोबर पाणी आत ओढले जाते, पटल सुजते आणि त्याची पारदर्शकता उणावते.

आता झोपेचा विचार करू. डोळे मिटले की बाहेरची हवा बंद होते. उघड्या डोळ्यास हवेतील २१ टक्के प्राणवायूचा लाभ होत असतो. मिटलेल्या डोळ्यास पापणीच्या आतील अस्तरातल्या केशवाहिन्यांवर अवलंबून राहावे लागते आणि त्यांच्यापासून मिळणारा पुरवठा सुमारे ८ टक्के प्राणवायू असलेल्या हवेइतकाच भरतो. त्यामुळे कोणतेही भिंग न घालता झोपलेल्या निरोगी माणसाचे स्वच्छमंडलही रात्रीतून सुमारे ३ ते ४ टक्के सुजते व सकाळी डोळे उघडल्यावर तासा-दोन तासांत पूर्वस्थितीवर येते. ही सूज इतकी अल्प असते की, आपणांस तिची जाणीवही होत नाही. परंतु याच अपुऱ्या पुरवठ्याच्या आड आणखी एक पडदा घातला तर? रात्रीच्या भिंगाचा सारा प्रश्न येथून सुरू होतो.

काचेपासून मऊ पदार्थापर्यंत

डोळ्यावर बसणाऱ्या भिंगाची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील प्रसिद्ध शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मांडली होती. ती प्रत्यक्षात आणली झुरिच येथील वैद्य आडोल्फ ऑयगेन फिक याने, इ. स. १८८८ मध्ये. फिकने काचेची भिंगे प्रथम सशांच्या डोळ्यांवर, नंतर स्वतःच्या व मग रुग्णांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. भिंग व डोळा यांच्यामधील पोकळीत तो द्राक्षशर्करेचे पाणी भरीत असे. ही भिंगे मोठी होती. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकत आणि काही तासांपलीकडे ती घालणे शक्य होत नसे. पुढच्याच वर्षी जर्मनीतील कील येथे आउगुस्ट म्यूलर या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याची स्वतःची दृष्टी फार अधू होती. तरीही स्वतः केलेले भिंग त्यास अर्ध्या तासाहून अधिक काळ सहन होत नसे.

काचेतून प्राणवायू मुळीच जात नाही. पुढे, १९३० नंतरच्या दशकात, काचेची जागा एका हलक्या व न फुटणाऱ्या प्लॅस्टिकने घेतली व १९४८ मध्ये अमेरिकेतील केव्हिन टूही याने केवळ स्वच्छमंडलावरच बसणारे लहान भिंग तयार केले. परंतु या प्लॅस्टिकमधूनही प्राणवायू जात नसे. भिंग लहान व हलणारे असल्यामुळे पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्याखाली ताजे अश्रू शिरत आणि त्यांतून आवश्यक तेवढा प्राणवायू पोहोचे. झोपेत पापण्यांची ही हालचालच थांबते. म्हणून अशी भिंगे घालून निजणे धोक्याचे होते.

या शास्त्राला खरी कलाटणी मिळाली ती प्राग शहरात. ऑटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी शोषून मऊ होणारा एक नवा पदार्थ तयार केला व १९६० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. शरीराला न बोचणारा हा पदार्थ भिंगासाठी योग्य होता. परंतु त्याची नितळ कडांची भिंगे घडवावी कशी, हे कोडे सुटत नव्हते. सरकारी खात्याने या कामाचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा विख्टर्लेने ते आपल्या घरी चालू ठेवले. १९६१ सालच्या नाताळात मुलांच्या खेळण्यातील जोडकामाचे धातूचे भाग, सायकलचा डायनामो आणि विजेच्या घंटेचा ट्रान्सफॉर्मर एवढ्या सामग्रीवर त्याने एक फिरते यंत्र जुळविले. फिरत्या साच्यात द्रव पदार्थाचा थेंब सोडला की तो सर्व बाजूंस सारखा पसरे व घट्ट होऊन भिंग तयार होई. त्या दिवशी चार भिंगे तयार झाली. पुढील काही महिन्यांत विख्टर्ले व त्याची पत्नी यांनी घरीच हजारो भिंगे तयार केली. १९७१ मध्ये अमेरिकन सरकारने अशा मऊ भिंगांच्या विक्रीस परवानगी दिली.

रात्रीच्या भिंगाची निकड

हे मऊ भिंग पाण्याने भरलेले असल्यामुळे त्यातील पाण्यात विरघळून प्राणवायू पलीकडे जाऊ शके. मग पाण्याचे प्रमाण वाढविले तर प्राणवायूही वाढेल, असा विचार पुढे आला. इंग्लंडमधील जॉन डी कार्ल याने १९७० नंतर सुमारे ७० टक्के पाणी असलेले भिंग तयार केले व ते रात्रंदिवस घालता येईल असे सुचविले.

या भिंगाची गरज केवळ सोयीपुरती नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. त्या काळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर डोळ्यात बहुधा कृत्रिम भिंग बसविले जात नसे. हॅरॉल्ड रिडली याने लंडन येथे १९४९ मध्ये त्याचा प्रारंभ केला होता, तरी तो उपचार सार्वत्रिक होण्यास अनेक दशके लागली. रुग्णाला अतिशय जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे आणि त्यातून वस्तू मोठ्या व वेड्यावाकड्या दिसत. स्पर्शभिंगाने ही अडचण दूर होई. पण थरथरत्या हातांच्या वृद्धाने ते रोज घालावे व काढावे कसे? जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या तान्ह्या बालकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच कठीण होता. अशा डोळ्यांत अनेक दिवस राहू शकणारे भिंग हे वरदानच होते. डोळ्यास इजा झाली असता जखमेवरील पट्टीप्रमाणे मऊ भिंग बसविण्याची रीतही याच काळात रूढ झाली व ती आजही उपयोगात आहे.

१९८१ मध्ये अमेरिकेत निरोगी डोळ्यांच्या लोकांनाही, केवळ चष्मा टाळण्यासाठी, सलग ३० दिवसांपर्यंत भिंगे घालण्याची मुभा मिळाली. महिन्यातून एकदा काढावयाचे भिंग! लोकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. तथापि थोड्याच वर्षांत नेत्रवैद्यांकडे तांबडे झालेले, दुखणारे, पाणी गळणारे डोळे घेऊन माणसे येऊ लागली. त्यांपैकी काहींच्या स्वच्छमंडलावर जंतूंमुळे व्रण पडलेले होते.

व्रण हा शब्द येथे सौम्य अर्थाने घ्यावयाचा नाही. स्यूडोमोनास नावाचा, ओलसर जागी सर्वत्र आढळणारा जंतू स्वच्छमंडलात शिरला तर एक-दोन दिवसांत त्याचा मोठा भाग विरघळवून टाकू शकतो. उपचार वेळीच झाले तर डोळा वाचतो. पण बऱ्या झालेल्या व्रणाच्या जागी पांढरा डाग राहतो आणि तो डाग बाहुलीसमोर असला तर दृष्टी कायमची मंदावते.

१९८९ मध्ये अमेरिकेत या संकटाचे मोजमाप प्रसिद्ध झाले. दिवसापुरती मऊ भिंगे वापरणाऱ्या दर दहा हजार माणसांत वर्षाला सुमारे ४ जणांना व्रण होत होता. रात्रंदिवस वापरावयाची भिंगे घेतलेल्यांत हाच आकडा सुमारे २१ होता. भिंग जितके अधिक दिवस सलग डोळ्यात ठेवावे तितका धोका वाढतो, असेही आढळून आले. त्याच वर्षी तेथे ३० दिवसांची मर्यादा खाली आणून ७ दिवसांवर ठेवण्यात आली.

प्राणवायूचा प्रश्न सुटला

दोष कोठे होता? संशयाचे बोट प्राणवायूच्या अभावाकडे वळले. ऑस्ट्रेलियातील ब्रायन होल्डन व त्याचा सहकारी मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये एक महत्त्वाचे गणित मांडले होते. रात्री भिंग घालूनही स्वच्छमंडलाची सूज नैसर्गिक मर्यादेतच राहावयाची असेल, तर भिंगातून किमान किती प्राणवायू आरपार गेला पाहिजे, हे त्यांनी ठरविले. त्यांच्या मापनपद्धतीत तो आकडा ८७ आला. तत्कालीन मऊ भिंगे या आकड्याच्या जवळपासही नव्हती. ती घालून झोपल्यास सूज १० टक्क्यांच्याही वर जाई. पाण्याचे प्रमाण वाढविण्याचा मार्गही खुंटला होता. पाण्यातून प्राणवायू एका ठरावीक वेगानेच जाऊ शकतो. शिवाय फार पाणीदार भिंग नाजूक असते व ते टिकण्यासाठी जाड करावे लागते. जाडी वाढली की प्राणवायू पुन्हा घटतो.

या कोंडीतून वाट काढली ती सिलिकोनने. सिलिकोनमधून प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी सुलभतेने जातो. परंतु त्याचे पाण्याशी वैर असते. शुद्ध सिलिकोनचे भिंग अश्रूंनी भिजत नाही व डोळ्याला घट्ट चिकटून बसते. सिलिकोन व पाणी शोषणारा पदार्थ एकाच भिंगात नांदविणे, म्हणजे तेल आणि पाणी यांचा पारदर्शक संयोग घडविण्यासारखे होते. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी हे साधले. सिलिकोनच्या जाळ्यातून प्राणवायू जावा, पाण्याच्या जाळ्यातून क्षार व ओलावा जाऊन भिंग हलते राहावे आणि विद्युत्प्रक्रियेने पृष्ठभाग अश्रूंना अनुकूल व्हावा, अशी या भिंगांची रचना असते. त्यांतील एका भिंगात पाणी केवळ २४ टक्के असूनही प्राणवायूवहनाचा आकडा १७५ पर्यंत जातो. म्हणजे होल्डन-मर्ट्झ यांच्या मर्यादेच्या दुप्पट!

या संशोधनात भारताचाही वाटा आहे. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, सिडनी येथील संशोधकांच्या सहकार्याने, रात्रंदिवस भिंगे घालणाऱ्या माणसांचे डोळे नियमाने तपासण्यात आले. भिंग घालून झोपलेला मनुष्य कधी कधी पहाटे डोळा लाल व दुखरा होऊन जागा होतो. या विकाराचा शोध घेताना तेथील संशोधकांना काही रुग्णांच्या भिंगांवर नाक व घसा यांत राहणारा हिमोफिलस नावाचा जंतू सापडला. त्यांनी ही गोष्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. सर्दी-पडसे झाले असता भिंग घालून झोपू नये, या नियमाला अशा निरीक्षणांचा आधार आहे.

सिलिकोनयुक्त भिंगांना २००१ मध्ये अमेरिकेत पुन्हा ३० रात्रींची परवानगी मिळाली. ती घालून झोपणाऱ्यांचे डोळे सकाळी शुभ्र दिसत, सूज नैसर्गिक मर्यादेत राही आणि प्राणवायूच्या अभावामुळे स्वच्छमंडलाच्या कडेने आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्याही दिसेनाशा झाल्या. प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले.

जंतूंचा प्रश्न उरला

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक विस्तृत पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसापुरती साधी मऊ भिंगे वापरणाऱ्यांत व्रणाचे वार्षिक प्रमाण दहा हजारांत १.९ होते. जुन्या धर्तीची मऊ भिंगे घालून झोपणाऱ्यांत ते १९.५ आढळले आणि सिलिकोनयुक्त भिंगे घालून झोपणाऱ्यांत २५.४. शेवटच्या दोन आकड्यांतील फरकाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. भरपूर प्राणवायू मिळूनही व्रणाचा धोका कमी झाला नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा आकडा जवळजवळ तसाच उभा होता.

याचा अर्थ काय? प्राणवायूचा अभाव हा डोळ्याचा एक शत्रू होता खरा, पण एकमेव नव्हे. उघड्या डोळ्यातील अश्रू हे वाहते पाणी आहे. पापणी दर मिनिटास अनेक वेळा मिटते व प्रत्येक वेळी धूळ, मृत पेशी आणि जंतू यांना झाडून नाकाच्या बाजूस लोटते. अश्रूंत जंतुनाशक द्रव्येही असतात. त्यांपैकी लायसोझाइम या द्रव्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग याने पेनिसिलिनच्याही आधी लावला होता. झोपेत हा प्रवाह थांबतो. त्यातच भिंग असले तर त्याच्या मागे अश्रूंचे डबके साचते. विहिरीचे पाणी उपसा थांबला की जसे खराब होऊ लागते, तशीच ही अवस्था होय. भिंगाच्या पृष्ठभागाला चिकटलेले जंतू तेथे तासन् तास स्वच्छमंडलाला लागून राहतात, उष्णता व ओलावा त्यांना पोषक ठरतो आणि पृष्ठभागावरील पेशींची संरक्षणशक्ती त्या साचलेल्या द्रवात क्षीण होते. भिंगातून कितीही प्राणवायू गेला तरी अश्रूंचा प्रवाह त्यायोगे सुरू होत नाही.

दहा हजारांत वीस हे प्रमाण वरवर क्षुल्लक वाटते. पण ते एका वर्षाचे आहे. म्हणजे पाचशे माणसांत दरवर्षी एक. हीच सवय दहा वर्षे चालू राहिली, तर तो हिशेब पन्नासांत एकावर येतो. शाळेच्या एका वर्गात जितकी मुले बसतात, तितक्या माणसांत एकाला केव्हा ना केव्हा हा व्रण होण्याचा संभव आहे. ज्या बालकास किंवा रुग्णास दुसरा उपाय नाही त्याच्या बाबतीत हा धोका पत्करणे रास्त ठरते. ज्यास केवळ रात्री भिंग काढण्याचा कंटाळा आहे त्याने मात्र हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आजही बहुसंख्य नेत्रवैद्य निरोगी डोळ्यांच्या माणसाला रात्री भिंग काढून ठेवण्याचाच सल्ला देतात.

सुखाने व सुरक्षितपणे

तरीसुद्धा ज्यांना अशी भिंगे वापरावयाची आहेत त्यांनी काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत. हे नियम म्हणजे वर सांगितलेल्या शास्त्राचेच व्यावहारिक रूप आहे.

पहिला नियम निवडीचा. प्रत्येक भिंग रात्रीसाठी नसते. त्यासाठी खास मान्यता असलेलेच भिंग, नेत्रवैद्याने डोळ्याची वक्रता मोजून, अश्रूंची तपासणी करून व पापण्यांची स्थिती पाहून दिलेले असावे. मित्राचे भिंग घालून पाहणे किंवा चष्म्याच्या नंबरावरून परस्पर भिंग विकत घेणे, या दोन्ही गोष्टी वर्ज्य होत. ज्यांचे डोळे कोरडे राहतात, पापण्यांच्या कडा सुजतात किंवा ज्यांना वारंवार डोळे येतात, त्यांनी या वाटेस जाऊ नये. धूम्रपान करणाऱ्यांत व्रणाचा धोका अधिक असतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा नियम सवयीचा. प्रथम काही दिवस भिंग केवळ दिवसाच घालावे. ते सुखावह झाल्यावर एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळीच वैद्याकडून डोळा तपासून घ्यावा. रात्रीचा परिणाम दुपारपर्यंत मावळून जातो, म्हणून तपासणी सकाळीच व्हावयास हवी. पुढे आठवड्याने, महिन्याने व त्यानंतर ठरवून दिलेल्या वेळी तपासणी चालू ठेवावी. आठवड्यातून निदान एक रात्र डोळ्यांना पूर्ण विश्रांती द्यावी. सर्दी, ताप किंवा अन्य आजार असताना भिंग घालून झोपू नये.

तिसरा नियम हातांचा व पाण्याचा. भिंगाला स्पर्श करण्यापूर्वी हात साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. तिखट-मसाल्याचे हात किंवा तेलाची बोटे भिंगाला लागू देऊ नयेत. काढलेले भिंग तळहातावर ठेवून, भिंगासाठी बनविलेल्या निर्जंतुक द्रावाने हलकेच चोळून धुवावे व ताज्या द्रावात बुडवून ठेवावे. डबीतील कालच्या द्रावात आजची भर घालणे ही मोठी चूक होय. डबी रोज द्रावाने धुऊन पालथी वाळवावी व काही आठवड्यांनी बदलावी.

नळाचे, विहिरीचे अथवा गच्चीवरील टाकीचे पाणी भिंगाला कधीही लागू नये. ते पिण्यास योग्य असले तरी डोळ्यातील भिंगास योग्य असतेच असे नाही. अशा पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतो व औषधांना दाद देत नाही. त्याने डोळ्यात प्रवेश केला तर महिनोन् महिने उपचार करावे लागतात. म्हणून भिंग घालून पोहणे, नदीत बुडी मारणे किंवा डोक्यावरून स्नान करणे टाळावे. थुंकी लावून भिंग ओले करण्याची सवय तर त्याहूनही घातक आहे.

चौथा नियम परिस्थितीचा. भिंग डोळ्यात असताना धुळीच्या वावटळी, चुलीचा धूर आणि होळीचे रंग यांपासून जपावे. काजळ-सुरमा डोळ्याच्या आत घालू नये. झोपेतून उठल्यावर भिंग चिकटल्यासारखे वाटल्यास ओढून काढू नये. वैद्याने सांगितलेले ओलाव्याचे थेंब घालून, चार-दोन वेळा डोळे मिटून उघडावेत व भिंग हलू लागल्यावरच त्यास हात लावावा. ठरलेली मुदत संपताच ते टाकून द्यावे. आणि चष्मा कधीही मोडीत काढू नये. ज्याच्यापाशी चांगला चष्मा नाही, तो दुखऱ्या डोळ्यातही भिंग ठेवून दिवस काढतो, असा अनुभव आहे.

रोज सकाळचे तीन प्रश्न

या सर्व नियमांहून सोपी, पण सर्वांत मोलाची अशी एक तपासणी आहे. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. डोळे पांढरे स्वच्छ दिसतात काय? ते सुखी वाटतात काय? दोन्ही डोळ्यांनी, एकेक मिटून पाहिले असता, नेहमीसारखे स्पष्ट दिसते काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर चिंतेचे कारण नाही. एकही उत्तर नकारार्थी आले, तर भिंग ताबडतोब काढावे.

भिंग काढल्यावरही लाली, वेदना, पाणी गळणे, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे ही लक्षणे चालूच राहिली, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याला गाठावे. उद्यापर्यंत वाट पाहू नये. घरात पूर्वीचे उरलेले थेंब असतील ते स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर वेदना तात्पुरती शमते आणि आतील जंतू मात्र मोकाट वाढतात. काढलेले भिंग व डबी फेकून न देता बरोबर न्यावी, कारण त्यांवरील जंतूंची तपासणी केल्यास रोगाचे निदान लवकर होऊ शकते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला असेल, तर क्षणाचाही विलंब घातक समजावा.

फिकच्या काचेच्या भिंगापासून आजच्या सिलिकोनयुक्त भिंगापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. अर्ध्या तासात असह्य होणाऱ्या भिंगाच्या जागी आठवडाभर जाणवूही नये असे भिंग आले. पण जाणवत नाही म्हणून ते तेथे नाही, असे नव्हे. डोळ्यात बाहेरची एक वस्तू आहे, याची आठवण भिंग स्वतः करून देत नाही. ती वापरणाऱ्याने ठेवावयाची असते. ज्या रात्री भिंग काढणे शक्य आहे त्या रात्री ते काढून, स्वच्छ करून डबीत ठेवावे आणि उशाशी चष्मा ठेवून निश्चिंत झोपावे.